पंचामृतात न्हालेली रॅकेट

टेनिसच्या रॅकेटला दह्यादुधाने न्हाऊ घातल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का, मित्रांनो? मला घातले आहे. आता मी महाडच्या एका घरात कपाटावर पडून असते. अंगाला बाक आला आहे, ताती तुटून लोंबताहेत. पण हसू नका. एके काळी कुलाबा जिल्ह्यात माझा टणत्कार ऐकला की भल्याभल्यांना घाम फुटत असे.

माझा जन्म जालंधरचा. फाळणीत घरदार सोडून आलेल्या कारागिरांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर नरम केल्या, वाकवल्या, सरसाने चिकटवल्या. मग माझ्या चौकटीत तात विणली. ही तात मेंढीच्या आतड्यापासून करतात. ती ताणून बसली की चेंडू बाणासारखा सुटतो. तिला दुखणे एकच, ते म्हणजे पाणी. ओली झाली की ती फुगते, तिचे पदर सुटतात आणि ऐन वेळी ती दगा देते.

शरदराव वकिलांनी मला १९५३ साली मुंबईहून आणले ते स्वतःसाठी. क्लबात मामलेदार येतात, डॉक्टर येतात, त्यांच्यात आपणही चार चेंडू मारलेले बरे, असा त्यांचा हिशेब. पण न्यायाधीशांपुढे शब्द त्यांना जसे सापडत, तसा मैदानावर चेंडू काही सापडत नसे. एका संध्याकाळी खेळायला चौथा भिडू आला नाही. शरदरावांच्या पत्नी सुनीतीबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. पुण्यात वडिलांच्या कॉलेजच्या मैदानावर त्या लहानपणापासून खेळलेल्या.

“मी येऊ का?” त्या म्हणाल्या.

शरदरावांनी हसत हसत मला त्यांच्या हातात दिले. त्यानंतर मी शरदरावांकडे परत गेले नाही. त्यांनीही कधी मागितले नाही. वकील माणूस, हरणारा खटला लगेच ओळखतो.

दर पावसाळ्यात सावित्रीचे पाणी गावात शिरे आणि मैदानावर चिखलाचा थर सोडून जाई. गणपती झाले की मजुरीला येणारी ठमाबाई आणि तिच्या सोबतिणी लाल माती पसरत, लाकडी चोपण्याने ती बडवत आणि शेणाने सारवून मैदान नवे करत. सुनीतीबाई सरावाला आल्या की ठमाबाई कंबरेवर हात ठेवून बघत राही.

“वयनी, माजं चोपणं जमनीला लागतं. तुजं ह्ये जाळीचं चोपणं नुस्तं वाऱ्याला बडवतं. काय मिलतं गो तुला?”

“वारा उलटून मारतो गं ठमाबाई. तुझी जमीन मारते का?”

“मारते तर! रात्री पाठीत मारते.”

आमची कामगिरी सांगते. पहिल्याच वर्षी सुनीतीबाईंनी जिल्ह्याची महिलांची ढाल जिंकली. दुसऱ्या वर्षीही जिंकली, तिसऱ्याही. पुढे तर अशी वर्षे गेली की त्यांनी समोरच्या बाईला एक सेटसुद्धा दिला नाही. मी मात्र खेळापेक्षा माणसांचा जमाखर्च बघत असे. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, “वकिलांची बायको मैदानावर धावते म्हणे!” तिसऱ्या वर्षी तेच लोक म्हणू लागले, “आमच्या महाडची सूनबाई!” पाचव्या वर्षी मामलेदारसाहेब पाहुण्यांना सांगू लागले की तिचा उलटा फटका आपणच बसवून दिला. साहेबांचा स्वतःचा उलटा फटका जाळीच्या वर कधी गेलेला मी पाहिला नव्हता. पण कौतुकाच्या पंगतीत पान मांडायला कोणाला लाजायचे कारण नसते.

ढालीवर पूर्वी अलिबागच्या एका डॉक्टरीणबाईंचे नाव ओळीने सहा वेळा कोरलेले होते. १९५८ साली सुनीतीबाईंनी त्यांची बरोबरी केली. आणखी एक विजय मिळाला असता तर जिल्ह्याचा विक्रम एकट्या त्यांचा झाला असता.

पण मित्रांनो, ढालीहून मोठी एक गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती घरातच अडून बसली होती. त्यांच्या सासूबाई, प्रयागबाई, वाईट नव्हत्या. सुनेला त्यांनी कधी खेळू नकोस म्हटले नाही. मात्र बरे केलेस, असेही कधी म्हटले नाही. सुनीतीबाई ढाल घेऊन दारात आल्या की त्या म्हणायच्या, “पाय धू आणि मग आत ये.” संपले. माझ्याबद्दल तर त्यांचा कायदा पक्का होता. “आतडं ते आतडं. माझ्या माजघरात नको.” म्हणून मी सहा वर्षे बाहेरच्या पडवीत, छत्र्यांच्या शेजारी, खुंटीला टांगलेली होते. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होई. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, शरदरावांची कायद्याची पुस्तकेदेखील देवापुढे बसत. मी पडवीतून उदबत्तीचा वास घेई. सुनीतीबाई दर वर्षी माझ्याकडे एकदा बघत आणि आत जात.

१९५९ साली स्पर्धा महाडलाच भरली. अंतिम सामना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरला. समोर पोलादपूरच्या रस्ता-ओव्हरसियरची मुलगी कालिंदी होती. नुकतीच मॅट्रिक झालेली, हरणासारखी पळणारी. नवरात्रात भोंडल्याला जमलेल्या बायकांनी प्रयागबाईंना घेरले.

“काकू, सूनबाईंचा सामना बघायला आम्ही सगळ्या येणार. तुम्ही पुढेच बसणार असाल ना?”

“बसेन की,” प्रयागबाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांचे त्यांनाच नवे असावे.

खंडेनवमीच्या सकाळी सुनीतीबाई मैदानावर जाळी बांधायला गेल्या होत्या. प्रयागबाई पडवीत आल्या आणि त्यांनी मला खुंटीवरून काढले. त्यांच्या हाताचा स्पर्श मला पहिल्यांदाच झाला. मी आनंदले, हे लपवत नाही. पण आतड्याची वस्तू देवापुढे ठेवायची तर ती आधी शुद्ध करायला हवी होती. त्यांनी मोठी परात घेतली. आधी गोमूत्र, मग पाणी, मग दूध, दही, तूप, मध, साखर. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावे तसे त्यांनी मला सावकाश न्हाऊ घातले. शिवणयंत्राला नुसते फूल आणि मला एवढा थाट! मला ओरडून सांगायचे होते, बाई गं, पुरे कर. पण आम्हा वस्तूंना तोंड कुठे असते? मग हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून, ओल्या अंगानेच त्यांनी मला कायद्याच्या पुस्तकांना टेकून बसवले.

दुपारी सुनीतीबाई आल्या. देवघराच्या दारात त्या थबकल्या. माझ्या तातींवरून दुधाचा थेंब अजून गळत होता.

“बघितलंस?” प्रयागबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लपवता न येणारी ऐट होती. “यंदा तुझंही शस्त्र पुजलं हो! शुद्ध करून घेतलंय. आता कोणी नाव ठेवायला नको.”

सुनीतीबाईंचा हात माझ्याकडे आला. तेव्हाच मला उचलले असते, कोरड्या फडक्याने पुसले असते, तर कदाचित निभावले असते.

“उचलू नकोस हं,” प्रयागबाई दारात आल्या. “पूजेतली वस्तू उद्या सोनं लुटायच्या आधी उठवायची. इतकी वर्षं बाहेर राहिली बिचारी. एक दिवस बसू दे देवापाशी.”

हात तिथेच थांबला. मग मागे गेला.

“छान दिसतेय, आई,” सुनीतीबाई म्हणाल्या.

दसऱ्याला मला उठवले, पण तोवर दूधपाणी तातीत मुरले होते. सामन्याच्या सकाळी शरदरावांनी अंगठ्याने माझी तात दाबली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, ही फुगली आहे! आईनं हे काय—”

“अहो, हळू बोला.”

“हळू काय? मामलेदारांची रॅकेट माग. विक्रम आहे आज!”

“आणि आई पुढे बसणार आहेत. त्यांनी पुजलेली सोडून दुसऱ्याची हातात घेऊ? सहा वर्षं मी कशाची वाट बघत होते, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

शरदरावांना हे ठाऊक नव्हते, ते त्यांच्या तोंडावर दिसले. घरातले खटले वकिलाला शेवटी कळतात.

मैदानाभोवती गाव लोटले होते. पोलादपूरहून मोटार भरून माणसे आली होती. कुंपणापाशी ठमाबाई उभी होती. पुढच्या खुर्चीवर, नवी इरकली नेसून, प्रयागबाई. खेळाचे नियम त्यांना कळत नव्हते, म्हणून सुनीतीबाईंच्या प्रत्येक फटक्याला त्या मान डोलावत होत्या. चेंडू बाहेर गेला तरीही.

मी जीव लावून खेळले. माझ्यातून टणत्कार निघेना, थप्प असा आवाज येई. तरी नुसत्या डोक्याने खेळून सुनीतीबाईंनी पहिला सेट जिंकला. दुसऱ्यात एक तात गेली. सुनीतीबाईंनी ती बोटाने सारखी केली आणि खेळत राहिल्या. मग दुसरी गेली, आणि तिच्याबरोबर तो सेटही. तिसऱ्या सेटमध्ये कालिंदीने जोरात मारलेला चेंडू माझ्या मध्यावर आला आणि सरळ आरपार निघून गेला.

सगळे माना उंचावून चेंडू शोधू लागले. मग हशा.

मामलेदारांची जड रॅकेट घेऊन सुनीतीबाई उरलेला खेळ खेळल्या. परक्या रॅकेटने हात चालेना. कालिंदी जिंकली. विक्रम गेला, तो कायमचाच. पुढे त्या दोन वर्षे खेळल्या, पण अंतिम सामना त्यांना पुन्हा दिसला नाही.

त्या दिवशीचे खरे दुःख मात्र याच्यानंतरचे आहे. मामलेदारसाहेबांनी मला उचलून नाकाशी धरले.

“अहो वकील, हिला दह्याचा वास कसा येतो? कोशिंबीर कालवलीत की काय हिच्यावर?”

माणसे खदखदून हसली. प्रयागबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्यांचा हात पदराशी गेला. ओठ काहीतरी बोलायला हलले.

“मीच धुतली परवा,” सुनीतीबाई चटकन म्हणाल्या. “ताकानं लाकूड चकाकतं असं कुठंतरी वाचलं होतं. मूर्खपणा झाला.”

“सहा वर्षांची चँपियन आणि एवढं कळू नये?” साहेब म्हणाले. आता तो उलटा फटका कोणी बसवून दिला होता, याचा उच्चार त्यांनी केला नाही.

“हसताव कशाला? हरली तं हरली!” कुंपणापासून ठमाबाई ओरडली. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. सुनीतीबाईंनी मला साहेबांच्या हातून घेतले आणि पदराखाली धरले.

सासू-सुना घरी आल्या. दारात पोचल्यावर प्रयागबाई नेहमीचे वाक्य म्हणाल्या नाहीत. स्वतःच तांब्या आणून त्यांनी सुनेच्या पायांवर पाणी घातले. सुनीतीबाईंनी पाय मागे घेतले, तर त्यांनी घोटा धरून ठेवला.

“माझ्यासाठी हसं करून घेतलंस,” त्या म्हणाल्या. “मला विचारायचं सुचलं नाही गं.”

“मलाही सांगता आलं नाही, आई.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. माया कशी ओळखायची ते मला शिकवायला नको. तिने मी भिजून निघाले आहे. पण मायेने घातलेले असले तरी पाणी हे पाणीच. तुमच्या घरात कोणाचे पुस्तक असेल, कोणाचा तंबोरा असेल, कोणाची सायकल असेल. ती वस्तू जपायला जाल तेव्हा ती ज्याच्या हातातली आहे त्याला आधी विचारा. आणि जपणाऱ्याचे चुकत असेल तर त्याचे मन राखायला गप्प बसू नका. माझ्या बाईंनी मागे घेतलेला तो हात मला अजून दिसतो.

पुढच्या खंडेनवमीला प्रयागबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ताती तुटलेल्या, अंग वाकलेले. पुजण्यासारखे माझ्यात काही उरले नव्हते.

“सुनीती,” त्यांनी हाक मारली, “हिला काय चालतं गं?”

आतून सुनीतीबाई आल्या.

“हिला कोरडा हात चालतो, आई.”

प्रयागबाईंनी हात पदराला पुसले. बोटांच्या बेचक्यांतूनही पुसले. सुनेपुढे उलटसुलट करून दाखवले. सुनीतीबाईंनी मान डोलावली, तेव्हा कुठे त्यांनी मला उचलून आत नेले.