बांधलेली बोट

मेस्त्रींनी दोराचा आणखी एक वेढा धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दिला, ओढून पाहिला आणि बायकोकडे वळले.

"झालं समाधान?"

"आणि सोडणार नाही ना?"

"शब्द दिलाय. काळ्या दगडावरची रेघ."

तेव्हा कुठे तिने बोटीत पाय टाकला. लहानपणी तिची होडी उलटली होती. तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं तरी तिचे हातपाय गार पडत. मेस्त्रींनी जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि उतारवयात ही छोटी बोट घेतली, तर हिने तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. हिला घेऊन एकदा तरी बंदराच्या भिंतीपर्यंत जावं, एवढीच त्यांची हौस होती. पण जबरदस्तीने नाही.

शनिवार बांधलेल्या बोटीतच गेला. ऊन कोवळं होतं. येणारेजाणारे नावाडी विचारत होते, "कुठवर जाऊन आलात, मेस्त्री?"

"जगप्रदक्षिणा झाली," ते म्हणायचे आणि पुन्हा टेकून बसायचे.

ती मात्र अंगातलं लाइफ जॅकेट काढून उलटसुलट करत होती. लोकांचे कपडे शिवण्यात तिची हयात गेली होती.

"ही कसली शिवण? एक हिसका बसला की पट्टा हातात येईल."

"अगं, नवंकोरं आहे. दुकानातलं."

"म्हणूनच म्हणते."

संध्याकाळी दोन्ही जॅकेटं घरी आली. जेवणानंतर शिलाई मशीन बराच वेळ खडखडत होतं.

रविवारी बोटीत बसल्यावर तिने त्यांच्या जॅकेटचा पट्टा स्वतः आवळला आणि ओढून पाहिला, ते दोर ओढून पाहतात अगदी तसा. मग स्वतःचाही. मेस्त्री पाठमोरे होऊन थर्मासमधला चहा ओतू लागले. कप भरून वर पाहतात तो खुंट हातभर लांब गेलेला. बघता बघता दोन हात.

दोर तिच्या पायाशी होता, मापाची टेप ठेवावी तसा नीट गुंडाळलेला. तिने बोटीचा काठ घट्ट धरला होता; बोटं पांढरी पडली होती.

"अगं, मी शब्द दिला होता!"

"तुम्ही दिला होतात. मी कुठे दिला होता?"

मेस्त्रींनी कप खाली ठेवला, डोळे पुसले आणि वल्हं उचललं.

"भिंतीपर्यंतच हं," ती म्हणाली. "आणि हळू. चहा सांडेल."