कस्तुराच्या तारल्या

डॉक्टरांनी ज्योतिबांना आठवड्यातून दोनदा तारल्या खायला सांगितल्या. हृदयाला चांगल्या असतात म्हणे. ज्योतिबा मूळचे निपाणीचे, बंगळूरच्या पीण्यात कारखान्यात लेथवर जन्म गेलेला. बायको कस्तुरा कारवारची. पण ज्योतिबांना माशांचा वास सोसत नसे, म्हणून तीस वर्षं घरात मासळी शिजली नाही. ती माहेरी जाऊन खाऊन यायची. तिला वारून दोन वर्षं झाली होती.

त्यांनी अर्धा किलो तारल्या आणल्या आणि मेहुणीला फोन लावला.

"इंदू, कस्तुराला कशा आवडायच्या गं?"

"तिरफळं घालून, भावोजी. आंबटाला सोलं."

त्यांनी तसंच केलं. घास तोंडात विरघळला. भात संपला तरी ते तारल्या पुन्हा वाढून घेत राहिले. तिच्यासमोर बसून हे एकदा तरी खायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.