डाव्या बाजूची उशी

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्हाला झोप आठवणार. पण मी डोक्याखालची उशी नाही. मी तळहातावर मावणारी, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर अशी एक जुनी उशी आहे, आणि माझी जागा एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या छातीवर, डाव्या बाजूला आहे. हे ऐकून मागच्या बाकावर जे कोणी हसले त्यांनी हसून घ्यावं. विमा कंपनीत माझा विषय निघाला तेव्हा मोठमोठी माणसंही आधी खाकरली होती.

माझा जन्म शिवणयंत्रावर झाला. माझ्या मालकिणीचं बाजाराच्या मागच्या गल्लीत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. तिला सगळे टेलरताई म्हणतात. ताईला कर्करोग झाला. डॉक्टरांनी तिचा डावा स्तन काढून टाकला आणि जीव वाचवला. त्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने विनातक्रार दिला. काढून टाकायला कंपनीची कधीच ना नसते.

जखम भरल्यावर ताई यंत्रापुढे बसली. मऊ सुती कापडाचे दोन तुकडे बेतले, आत कापूस भरला, आणि उजवीकडच्याइतकं वजन यावं म्हणून जुन्या कोटांची बटणं घातली. बसेना, म्हणून उसवलं. पुन्हा भरलं. शेवटी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "जमलं." माझं बारसं एवढंच.

त्यानंतर माझे कामाचे दिवस सुरू झाले. मी खांदा तोलून धरला. नवीन ड्रेसच्या पुढच्या भागाला आकार दिला. एक जुनं गिऱ्हाईक तर म्हणालं, "ताई, आजारातून उठून उलट बांधा छान झालाय हो तुमचा!"

"फिटिंग असतं सगळं," ताई म्हणाली आणि तोंडातल्या टाचण्या काढायच्या निमित्ताने मान वळवली. ते कौतुक माझं होतं. मी फुगले नाही, कारण होते त्याहून फुगायची मला परवानगी नव्हती.

पण मित्रांनो, नोकरी आणि नातं यांत फरक असतो. ताई यंत्रावर वाकली की तिचं काळीज मला अगदी जवळून ऐकू येई. तिच्या लेकीलाही ते इतक्या जवळून ऐकू येत नसेल. तरी मी बाहेरचीच. मधे एक अस्तर आणि एक व्रण. रात्री ती मला काढून बहुतेक वेळा कपाटात ठेवायची, चष्म्याशेजारी. चष्मा म्हणायचा, "आपण दोघं एकाच जातीचे, लावले तर आहोत." चष्म्याला फारशा आकांक्षा नव्हत्या. मला होत्या. मला अंग व्हायचं होतं.

आणि ताईला काय हवं होतं? दारावरची बेल वाजली की जगातली माणसं दार उघडतात. ताई आधी मला शोधायची. पांघरुणात, उशाशी, मोरीच्या खुंटीवर. बाहेरचा माणूस ताटकळायचा, ती "आले, आले" म्हणायची, आणि मी नेमकी पलंगाखाली गेलेली असायची.

एके दिवशी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोकळी भरून काढणारी एक शस्त्रक्रिया असते. आत कायमचं रोपण बसवतात. "पण तिथे स्पर्श पूर्वीसारखा कळणार नाही, हं," ते म्हणाले.

"नाही कळला तर नाही," ताई म्हणाली. "काढून तर ठेवावं लागणार नाही ना? बेल वाजली की मला सरळ जाऊन दार उघडायचंय, डॉक्टर."

पैसे भरून ते करून घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून विम्याचं बघायला ताईच्या नणंदेचे यजमान आले. प्रत्येक घराण्यात विमा विकणारं एक माणूस असतंच, तसे हे. पॉलिसी विकताना भावोजींनी "सगळं यात येतं, वहिनी" असं सांगितलं होतं. आता चहा पिऊन म्हणाले, "वहिनी, स्पष्टच बोलतो. कंपनी याला सौंदर्यवर्धक म्हणते. नसलं तरी माणूस जगतो ना?"

"तुमच्या वरच्या दातांचे पैसे कंपनीने दिले होते ना, भावोजी?"

"ते अपघातात गेले होते."

"मग माझं काय हौसेने गेलं?"

भावोजी पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता. पण माणूस तसा वाईट नाही. त्यांनीच खटपट करून कंपनीचा तपासणी डॉक्टर घरी येईल अशी व्यवस्था केली.

आणि इथे, मित्रांनो, घात झाला. गिऱ्हाइकापुढे सदोष कपडा ठेवणं ताईच्या रक्तात नाही. डॉक्टर येणार म्हणून तिने दुकान झाडलं, स्वतःसाठी शिवून ठेवलेला निळा ड्रेस काढला, खांद्याची शिवण अंमळ आत घेतली आणि मला अशी चपखल बसवली की मीही तशी पूर्वी कधी बसले नव्हते. तपासणी डॉक्टर भला आणि लाजाळू गृहस्थ होता. परक्या बाईकडे किती बघायचं याचा त्याला संकोच. त्याने खुर्चीवरूनच तपासलं, पाणी प्यायला आणि अहवाल दिला: बाह्यतः कोणतेही व्यंग नाही, शरीराचा तोल उत्तम. दावा नामंजूर.

लेकीने तो कागद दोनदा वाचला. "आई, तू पास झालीस म्हणून नापास झालीस गं."

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, मी जरा वाईट शिवलेली असते तर बरं झालं असतं.

लेक गप्प बसणारी नव्हती. तिने वर दाद मागितली, आणि तक्रारी ऐकणाऱ्या समितीने मायलेकींना बोलावलं. लांबलचक टेबल, मधे एक साहेब, शेजारी एक मॅडम. साहेबांनी अहवाल चाळला. "ताई, डॉक्टरांनी स्वतः तपासलंय. इथे तर काहीच कमी दिसत नाही."

ताईने लेकीला शाल आडवी धरायला सांगितली. पाठ फिरवली, गळ्यातून हात आत घातला आणि मला बाहेर काढलं. मग शांतपणे टेबलावर ठेवलं, पेपरवेटच्या शेजारी.

"हे काय?" साहेब खाकरले.

"तुमच्या डॉक्टरांनी तपासलं ते हे, साहेब. माझी तपासणी अजून व्हायची आहे."

मॅडमनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "कुणी शिवलं?"

"मीच."

"फार छान आहे हो."

"मॅडम, हात जोडते," लेक म्हणाली, "छान म्हणू नका. छान म्हटलं की आम्हाला घरी पाठवतात."

मॅडम हसल्या. मग ताईला घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. त्या परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. त्यांनी साहेबांकडे न बघता म्हटलं, "हा आजाराचाच उपचार आहे. अर्धा झालाय, अर्धा राहिलाय." साहेबांनी सही केली. सगळा वेळ मी टेबलावर होते आणि ताई माझ्याशिवाय, निळ्या ड्रेसच्या सुरकुत्यांसकट, चारचौघांत ताठ बसली होती. तशी ती मला फार आवडली.

आज सकाळी ती दवाखान्यात भरती व्हायला गेली. जाण्याआधी तिने मला साबणाने धुतलं. "आता ते कशाला धुतेस?" लेक म्हणाली. "असू दे गं," ताई म्हणाली. "इतकी वर्षं राबलीय." आजवर मी कायम टॉवेलखाली लपून वाळले. आज तिने मला गच्चीवरच्या दोरीवर उघडी चिमट्याला लावली आणि गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला "आम्हाला जपा" असं सांगतात. मी सांगणार नाही. मला जपू नका. पण तुमच्यातलं कोणी मोठं होऊन विमा कंपनीत लागेल, कोणी डॉक्टर होईल. समोर नीटनेटकं माणूस बसलेलं दिसलं तर त्याला काही झालेलंच नाही असं धरून चालू नका. नीट बसायला त्याला सकाळपासून किती खटपट करावी लागली ते विचारा. खुर्ची जरा जवळ ओढून विचारा.

माझं म्हणाल तर बटणं अजून ओली आहेत, कापूस वाळतोय. ताई घरी येईल तेव्हा दोरीकडे तिचं लक्षसुद्धा जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि गेलंच, तर एकदाच जावं.