गुलाबांखालची तार

"नेटची केबल इथवर नाही यायची, आजी," नेट जोडायला आलेला स्टॅव्ह कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "शंभर मीटरपर्यंत ठीक. पुढे सिग्नल वाटेतच विरतो. थोरलं घर इथून चारशे मीटर आहे."

"मग पोर्ट ऑगस्टाहून चहा प्यायला आलास?" डल्सी म्हणाली.

युंटा गावाच्या पुढच्या त्या मेंढ्यांच्या रानात नेट होतं ते फक्त थोरल्या घरात. डल्सी तिथे सून म्हणून आली, पन्नास वर्षं नांदली आणि नवरा, क्लेम, गेल्यावर आपण होऊन आउटहाउसमध्ये राहायला आली. आता तिथे मुलगा, सून आणि सुनेची आई नोरीन. होबार्टच्या नातीला, ब्रिओनीला, मुलगी झाल्यापासून दर रविवारी पडद्यावर बाळ दिसे. पुढे नोरीन बसे. "डल्सी, जरा सरक गं, उजेड अडतोय," असं वर म्हणे. स्वतःच्याच घरात पाहुणी झालेली डल्सी मुकाट्यानं सरके.

"जुनी टेलिफोनची तार आहे बघ जमिनीत," ती म्हणाली. "सासूबाई इथे राहायच्या तेव्हा क्लेमनं पुरलेली. रात्री-अपरात्री त्यांना मला हाक मारता यावी म्हणून."

स्टॅव्हनं तार तपासली. "हिच्यावरून जमेल! दोन्ही टोकांना एकेक डबा बसवतो. वेग बेताचा, पण चेहरा दिसेल. फक्त मधे एक जोड कुजलाय. नोरीनबाईंच्या गुलाबांखाली."

त्या रखरखाटात नोरीननं आंघोळीच्या पाण्यावर गुलाब जगवले होते. येणारा-जाणारा त्यांचे फोटो काढी. डल्सीच्या हातून तिथे कधी गवताची काडी उगवली नव्हती. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. नोरीन नक्की नाही म्हणणार. आणि एकदा ती नाही म्हणाली, की डल्सीला तेवढं गाऱ्हाणं जन्मभर पुरलं असतं.

स्टॅव्हनं विचारलं, तर नोरीन फावडं घेऊनच आली. "हो बाजूला रे, तू मुळं तोडशील."

"आई, अगं ऐन कळ्यांत?" सून ओरडली.

"जगले तर जगले. पणजीनं पणतीला बघायचं नाही?"

गुडघे टेकून, धापा टाकत तिनं एकेक झाड उपटलं. 'राहू दे गं' म्हणायचं सोडून डल्सी उपटलेली झाडं मोजत राहिली. पुढची खुर्ची नोरीनची, बाळ नोरीनचं, आणि आता हा मोठेपणाही तिनंच घेतला! सगळे नोरीनकडे बघत होते. डल्सीकडे कुणीच नाही.

रविवारी डल्सीच्या टेबलावर, अडखळत का होईना, ब्रिओनीचा चेहरा उमटला.

"दिसतेय का मी, आजी? नोरीन आजी म्हणाली, आज आधी तुलाच फोन लावायचा."

"ती नसती म्हणाली, तर?"

"काय म्हणालीस? आवाज तुटला."

"काही नाही. बाळ दाखव."

ब्रिओनीनं बाळाला पडद्याजवळ धरलं. लालबुंद तोंड उघडून त्यानं सावकाश जांभई दिली, थेट क्लेमसारखी, एका बाजूला ओठ वाकडा करून.

"अगं, बघ, बघ!" डल्सी हरखून मागे वळली.

खोलीत कुणीच नव्हतं.