संध्याकाळचे ओले केस

संध्याकाळी सव्वासहाला कंपनीची बस बडोद्यातल्या वाडीच्या नाक्यावर थांबायची आणि वसुंधरा ओल्या केसांनी खाली उतरायची. चार वर्षं हाच क्रम चालला होता. मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्यात ती कामाला होती तिथं कोंबड्यांच्या रोगांवरची लस बनते. आतल्या बंद विभागात काम करणाऱ्यांनी सुटताना कामाचे कपडे आतच टाकायचे आणि डोक्यावरून अंघोळ करून मगच बाहेर पडायचं, असा तिथला नियम. केस वाळवायची यंत्रं दोन, त्यांतलं एक कायम बिघडलेलं, बायका अकरा आणि बस कुणाच्या बापासाठी थांबत नाही. तेव्हा ओल्या केसांचा अंबाडा वळायचा आणि पळायचं.

हे तिनं पोळात, म्हणजे राहत्या गल्लीत, कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं. विचारण्यापेक्षा तर्क करणं सोपं, आणि आपल्या लोकांना त्याचा कंटाळा कधीच नसतो. तिन्हीसांजेला बाई डोक्यावरून न्हाऊन येते ती मर्तिकाहूनच, दुसरं कुठून येणार? मग ही रोज कुणाचं मर्तिक करून येते?

तरीही चार वर्षं हा तर्क ओट्यावरच्या गप्पांपुरता राहिला. मग माघ महिन्यात कुठूनसा एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी कारखान्याचं फाटक, पांढऱ्या पोशाखातली माणसं, आणि गुजरातीतून सांगणारा आवाज, की वायरस बदलून नवी महामारी तयार होते आहे. समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या निवृत्त श्रीपतरावांनी तो पोळात घरोघर पोचवला. "मकरपुऱ्याचंच लागतंय, ने," ते म्हणाले. एवढं 'लागतंय', म्हणजे नुसतं 'वाटतंय', पुरेसं झालं. रोजचं मर्तिक कुणाचं, याचं उत्तर पोळाला मिळालं. तिथं माणसं मरतात आणि आपली वसुंधरा त्यांच्या नावाची अंघोळ करून येते.

वसुंधरानं हेही सोसलं असतं. सोसायची तिला सवय होती. पण सोमवारी सकाळी गंगाबाईंनी तिच्या घराची किल्ली परत केली, आणि तिथं तिचा आधारच मोडला.

गंगाबाई समोरच्या घरात एकट्या राहत. दोन वर्षांपूर्वी वसुंधराच्या सासऱ्यांना, बळवंतरावांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून दुपारी त्यांना भरवायला त्याच यायच्या. नवरा लक्ष्मीकांत रेल्वेत, वलसाडला. शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. बळवंतरावांचे आजोबा संस्थानाच्या फौजेत होते, आणि म्हातारा अजून त्याच ताठ्यात पडून असायचा. परक्या बाईच्या हातचा घास घेत नसे. गंगाबाईंचं गूळ घातलेलं वरण मात्र मुकाट्यानं खायचा. गंगाबाई नाहीत म्हणजे दुपार नाही, आणि दुपार नाही म्हणजे नोकरी नाही, इतका सरळ मामला होता.

"सांभाळून राहा," एवढंच म्हणून त्यांनी किल्ली कठड्यावर ठेवली आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता गेल्या.

वसुंधरानं शुक्रवारपर्यंत रजा काढली. दुपारसाठी पैसे देऊन नेमलेल्या बाईला बळवंतरावांनी पहिल्याच घासाला वाटी उडवून दिली. गुरुवारी सुपरवायझरचा फोन आला, की शनिवारी कामावर दिसली नाहीस तर विभागात दुसरीला घेऊ. त्याचा आवाज चढला नव्हता. त्यालाही वरून कुणीतरी बोललेलं होतं. वसुंधरा फोन ठेवून नुसती बसून राहिली. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात काही शिल्लक लागतं.

शुक्रवारी पाच वाजता ती गंगाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, आत येऊ का?"

गंगाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी आधी तिच्या केसांकडे पाहिलं. केस कोरडे होते.

"ये, बेस," त्या म्हणाल्या आणि बसायला पाट सरकवला.

वसुंधरानं सगळं सांगितलं. बंद विभाग, अंघोळीचा नियम, अकरा बायका, दोन यंत्रं. तिथं कुणी मरत नाही, मेल्याच तर कोंबड्या मरतात. सांगताना तिला स्वतःचाच कंटाळा आला. हे चार वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?

गंगाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते वायरस तुम्ही बदलता का? खरं सांग हं."

नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. किल्ली पुन्हा गंगाबाईंच्या हातात गेली असती. पण पाच दिवसांच्या थकव्यानं वसुंधराला खोटं रचायचं बळसुद्धा उरलं नव्हतं.

"बदलतो. कोंबड्यांच्या रोगाचा. त्याला अशक्त करतो, म्हणजे त्याची लस होते."

"आणि चूक झाली तर?"

"होऊ शकते, मावशी. म्हणून तर रोज अंघोळ करून येते."

गंगाबाईंचे हात मेथीतच थांबले. मग त्यांनी विचारलं ते वसुंधराच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग तो करोनावालाही कुणी बनवलेलाच होता ना?"

वसुंधराच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कारखान्यात दर वर्षी प्रशिक्षण असतं, तिथं असल्या प्रश्नांचं काय सांगायचं ते शिकवतात. पण गंगाबाई तिच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होत्या ते भ्यालेले नव्हते. त्यांत आशा होती. ती पाहून वसुंधराला धसका बसला.

"असं का विचारता?"

"चैत्र होता तेव्हा," गंगाबाई म्हणाल्या. "दिग्विजयला आंब्याची डाळ हवी असायची. तो म्हणाला, आई, यंदा राहू दे, बाहेर जाऊ नकोस. मी म्हटलं, एक डाळ नाही केली तर चैत्र कसला? गेले खंडेराव मार्केटात कैऱ्या आणायला. ही गर्दी. तिसऱ्या दिवशी मला ताप. सहाव्या दिवशी त्याला. मी उठले. तो नाही उठला." त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "पाच वर्षं होतील. कुणी मुद्दाम बनवला असेल तर बनवणाऱ्याचं पाप. नसेल बनवला, तर मग कैऱ्या मीच आणल्या ना?"

वसुंधराला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, ही बाई व्हिडिओला भुलली. ही तर त्या व्हिडिओला धरून उभी होती.

"तो कुठून आला ते अजून नक्की कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "मलाही नाही. आणि तुमच्या घरात तो कैऱ्यांबरोबर आला, की दिग्विजयच्या कंपनीच्या बसमधून, की दूधवाल्याबरोबर, हे कधीच कळायचं नाही. तेव्हा बडोद्यात तो घरोघर होता."

"म्हणजे मी आणला नाही, असं नाही."

"नाही. पण आणलाच, असंही नाही, मावशी. याच्यापुढे मला काही येत नाही."

गंगाबाईंनी मान हलवली. मेथीची जुडी बाजूला सारली.

"दवाखान्यातून त्याला परस्पर नेलं. प्लास्टिकमध्ये. मला तोंड दाखवलं नाही. मी इथं खाटेवर तापानं फणफणलेली, कुणी मला उठवून डोक्यावर पाणीसुद्धा घातलं नाही. त्याच्या नावाची अंघोळ माझ्याकडून राहिलीच. तू रोज सव्वासहाला ओल्या केसांनी यायचीस ना, मला वाटायचं, कुणाची तरी आई आपली अंघोळ हिच्याकडून करून घेते. माझीच राहिली."

वसुंधरानं त्यांचा हात धरला. तो मेथीच्या मातीनं खरखरीत झालेला होता.

"गीझर लाव," थोड्या वेळानं गंगाबाई म्हणाल्या. "आणि जाऊ नकोस. बाहेर बसून राहा. एकटीनं नको वाटतं."

वसुंधरा न्हाणीघराच्या दाराशी पाटावर बसली. आतून तांब्यामागून तांब्या पाणी पडण्याचा आवाज येत होता, अधूनमधून थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. तिनं घाई केली नाही.

गंगाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे विरळ केस पाठीला चिकटले होते. "बळवंतरावांचा चहा झाला का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता हात पुढे केला. वसुंधरानं पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

दोघी पोळ ओलांडू लागल्या. सव्वासहा होत आले होते. ओट्यावर श्रीपतराव मोबाइल घेऊन बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि वसुंधराचे कोरडे केस व गंगाबाईंचे ओले केस पाहून ते उठूनच उभे राहिले.

"गंगाबेन, कोण गेलं?"

"माझा दिग्विजय," गंगाबाई म्हणाल्या, आणि वसुंधराच्या घराचं कुलूप काढून उंबऱ्याच्या आत गेल्या.