दऱ्यांचा दर्या

गुंजवणे गावच्या सावळारामनं पन्नाशीत अक्षरं गिरवली होती. त्यामुळं वाचताना तो एकेका अक्षरावर बोट दाबून खात्री करायचा. लेकीनं मोबाईलवर लिहिलेलं वाचतानाही तो असाच अडला.

"स्नेहल, राजगडाखाली दर्या कुठनं आला गं? दर्या म्हंजे समुंदर. आपल्याकडं दऱ्या हाईत, दऱ्या!"

स्नेहल हसली, मग तिनं मोबाईल ओढून नीट बघितलं. तिनं दऱ्याच टाईप केलं होतं. मराठी टाईप करायला वेबसाइटवाले जावास्क्रिप्टची जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत, तिला दऱ्यामधला अर्धा र ठाऊकच नव्हता. ती लायब्ररी सगळ्यांना खुली. कुणीही चूक दुरुस्त करून पाठवावी. सांभाळणाऱ्यानं ती घेतली, की पाठवणाऱ्याचं नाव यादीत लागायचं. पुण्याच्या एका कंपनीनं स्नेहलला बजावलं होतं, अशा यादीत नाव दाखव, तरच मुलाखत.

आठवडाभर खपून तिनं कोडच्या चौदा ओळी लिहिल्या. तपासणीच्या वाक्यासाठी वडिलांचं, आबांचंच बोलणं घातलं : 'आपल्याकडं दऱ्या हाईत.'

लायब्ररी सांभाळणारा मंदार भोरचाच, वकिलाचा मुलगा. त्यानं सगळ्यांना दिसेल असा खाली शेरा मारला : 'हाईत म्हणजे काय? आधी मराठी शिका, मग कोड पाठवा.' त्यावर अठरा जणांची हसरी तोंडं.

तिनं माफी मागितली, 'आहेत' केलं, पुन्हा पाठवलं. चौथ्या दिवशी तिची दुरुस्ती न घेताच बंद केली गेली. शेरा होता : 'दुबार. हे काम आधीच झालंय.' झालं होतं खरं, आदल्याच दिवशी, मंदारच्या नावानं. तिच्याच चौदा ओळी. उचलताना घाईत पहिली प्रत हाताला लागलेली. 'हाईत' जसंच्या तसं.

तिनं मंदारला फोन लावला. "सर, ते माझं होतं."

"अगं, कोडवर काय कुणाचं नाव गोंदलेलं असतं? खुलं आहे, कुणीही वापरावं. बाकी, भातलावणी उरकली का तुमच्याकडं?"

कंपनीचा नकार सकाळीच आला. दुपारी सावळाराम चिखलाच्या पायांनीच दारात उभा राहिला.

"लागलं का नाव? दाव की."

यादी इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्या आसुसलेल्या डोळ्यांना 'नाही' सांगणं तिला जमेना. तिनं त्याचं बोट धरून सगळ्यात वरच्या नावावर ठेवलं.

"हे बघा, आबा."

त्यानं ती सहा इंग्रजी अक्षरं वहीत उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती नसरापूरहून परतली, तर घराच्या दारावर चुन्यानं तीच सहा अक्षरं, वीत वीत उंचीची. शेजारचा बंडू चौघांना घेऊन वाचत उभा.

"मं-दा-र! सावळातात्या, जावई ठरला व्हय? आमास्नी सांगितलं न्हाई ते!"

"लाजला आसंल तात्या," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खदखदले.

सावळाराम चुन्याचे हात धोतराला पुसत लेकीकडं वळला. "हे तुजंच नाव न्हवं का गं?"

स्नेहलनं मान खाली घातली.

सावळाराम दाराकडं फिरला. त्यानं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, दाबलं, आणि ते काही केल्या पुढं सरकेना.