मेणाचा पहारेकरी

न्हाणीघराचं दार आतून लावून एकटीनं आंघोळ करायची, एवढंच मावशीचं मागणं होतं. आणि नेमकं तेवढंच भाची मान्य करत नव्हती.

तशी मावशी अर्धांगवायूच्या झटक्यातून चांगली सावरली होती. चालत होती, जेवत होती आणि बोलण्याच्या बाबतीत तर झटकाच तिला घाबरून पळाला असावा, असं भाची म्हणे. फक्त तिच्या उजव्या हाताला गरम-गार कळेनासं झालं होतं. तो हात वस्तू उचलायचा, धरायचा, बटण लावायचा. पण वाफाळता चहा आणि बर्फ त्याला सारखेच. आणि मावशीनं जन्मभर पाणी बघितलं ते उजव्याच हातानं. एके सकाळी सवयीनं तिनं तो हात शॉवरच्या धारेखाली धरला, पाणी ठीक वाटलं म्हणून पुढे झाली आणि खांद्यावर धार पडली तेव्हा किंचाळली. मनगटापर्यंत फोड आले होते. ते बरे झाले, पण भाचीच्या मनातली किंकाळी काही बरी होईना. तेव्हापासून ती स्वतः बादलीत पाणी कालवून द्यायची, दार अर्धवट उघडं ठेवायची आणि बाहेर बसून विचारत राहायची, "झालं का? ठीक आहेस ना? तांब्या नीट धरलायस ना?"

"फौजदारीणबाई," मावशी आतून ओरडायची, "आरोपी पळालेला नाही. साबण लावतोय."

भाचीला हसू यायचं, पण ती उठायची नाही.

मावशीनं चाळीसेक वर्षं शिवणकाम केलं होतं. कितीजणींची मापं घेतली, पण कुणाला संकोच वाटू दिला नाही. पडदा ओढायचा, नजर टेपवर ठेवायची. आता तिच्याच अंगावर दिवसाढवळ्या पहारा बसला होता. ती चेष्टेवारी नेत होती, पण हळूहळू तिची आंघोळ एक दिवसाआड झाली, मग त्याहूनही लांबली. "आज कंटाळा आलाय," ती म्हणायची. जिचा ब्लाउज कधी चुरगळलेला दिसला नाही, ती बाई केस न धुता बसून राहते, हे भाचीला दिसत होतं. काय करावं, ते कळत नव्हतं.

वाट सापडली ती अचानक. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. भाची बादलीत पुन्हापुन्हा बोटं बुडवून पाणी कालवतेय, हे त्यानं पाहिलं.

"ताई, हे काम करणारा नळ मिळतो की," तो म्हणाला. "आकडा लावून ठेवायचा. अडतीस म्हटलं की अडतीसच अंश. त्याच्या वर पाणी जात नाही."

"आत काय माणूस बसवलाय?" मावशीनं विचारलं.

"मेण बसवलंय." प्लंबरनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढीशी कुपी असते, मेणानं भरलेली. ती पाण्यातच बुडालेली. पाणी तापलं की मेण फुगतं. फुगलं की एक दांडा पुढे ढकलतं आणि तो दांडा गरम पाण्याची वाट अरुंद करतो. पाणी निवलं की मेण आकसतं, वाट पुन्हा मोकळी होते. दिवसभर तेच चालू."

"म्हणजे पहारेकरी," मावशी म्हणाली. "न बोलणारा. मला हाच हवा."

भाचीनं मान हलवली. "यंत्रं बिघडतात."

"माणसंही बिघडतात. माझ्याकडे बघ."

अखेर ठरलं असं की नळ आणायचा, बसवायचा. पण भाचीची खात्री पटल्याशिवाय कडी लावायची नाही. मावशीनं हे मान्य केलं. "कापड घेण्याआधी मापावरून भांडण नको," ती म्हणाली.

प्लंबरला घेऊन दोघी दुकानात गेल्या. तिथं एक अख्खी भिंत नळांनी भरलेली होती. विक्रेता मुलगा भराभर बोलत होता. हा सोनेरी, हा काळा, याच्यावर उजेडाचे आकडे येतात, याच्यातून पाऊस पडल्यासारखं पाणी पडतं. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळा, एका वाटीत साबणाचं पाणी देशील?"

"कशाला, आजी?"

"हात धुवून बघायचाय."

मुलगा हसत गेला आणि वाटी घेऊन आला. मावशीनं दोन्ही हात कोपरापर्यंत फेसाळ केले आणि ओळीनं एकेका नळाची मूठ फिरवायला लागली. सोनेरी मूठ गोल आणि गुळगुळीत होती. हात तिच्यावरून मासोळीसारखा सटकला. काळी मूठ देखणी होती, पण तिच्या कडा तळव्याला रुतत होत्या. उजेडाच्या आकड्यांवर तर फेसामुळे काही दिसेचना.

"आंघोळीला कुणी कोरड्या हातानं जातं का?" ती मुलाला म्हणाली. "चष्मा तरी कोण घालून जातं?"

तिला आवडला तो कोपऱ्यातला साधा, दांड्याची मूठ असलेला नळ. साबणाच्या हातानंही तो फिरत होता. अडतीसच्या आकड्यावर आला की टक् करून अडत होता आणि पुढे न्यायचा तर एक बटण मुद्दाम दाबावं लागत होतं. "हे चुकून दाबलं जाईल का?" भाचीनं विचारलं आणि स्वतःच कोपरानं, मुठीनं, तळव्यानं दाबून पाहिलं. चुकून दाबलं जात नव्हतं. प्लंबरनं नळाचं धूड, म्हणजे मुठीमागचा मुख्य भाग, तिच्या हातात दिलं. ते चांगलंच जड होतं.

"सबंध पितळ," तो म्हणाला. "हलकं असेल तर आत काय आहे देव जाणे. आणि याची कुपी खराब झाली तर एकटी कुपी बदलता येते, भिंत फोडावी लागत नाही."

"आणि हे धूड भिंतीच्या आत जाणार ना?" मावशीनं विचारलं. "मी तोल सावरायला कुठंही हात टेकते. गरम पितळ बाहेर नको."

"आतच जाणार. बाहेर फक्त मूठ."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मावशी गळ्यात टेप घालून हजर होती. नळ शॉवरच्या थेट खाली नको, दारापाशी हवा, म्हणजे अंगावर पाणी न घेता सुरू करता येईल, असं तिनं सांगितलं. स्वतः उभी राहून तिनं कोपराची उंची घेतली आणि भिंतीच्या फरशीवर शिवणाच्या खडूनं फुली मारली. प्लंबरनं फरश्या काढल्या, भिंतीत खाच पाडली. नळाचं धूड किती आत बसवायचं, हे तो फरशीचा तुकडा धरून पुन्हापुन्हा मोजत होता.

"फरशी आणि सिमेंटची जाडी धरूनच बसवावं लागतं," तो म्हणाला. "नाहीतर मूठ बसतच नाही."

"म्हणजे शिवणीला माया, जास्तीचं कापड, सोडून कापायचं," मावशी म्हणाली. "आमचीच रीत की."

संध्याकाळपर्यंत नळ जोडून झाला. भिंत उघडीच होती. "बंद करायच्या आधी पाणी सोडून बघायचं, हा माझा नियम आहे," प्लंबर म्हणाला. भाचीनं तापमापक आणला होता. तिनं तो धारेत धरला. मावशी दारात उभी होती, चेहऱ्यावर लग्नाच्या दिवसाचा उत्साह.

मूठ अडतीसवर होती. तापमापकाचा आकडा तीसवरून चढायला लागला. पस्तीस. अडतीस. चाळीस.

"थांबेल आता," प्लंबर म्हणाला.

आकडा थांबला नाही. धारेतून वाफ यायला लागली. भाचीनं हात झटकन मागे घेतला आणि ओरडली, "बंद करा! आधी बंद करा!"

प्लंबरनं पाणी बंद केलं. प्लंबर नळाकडे असा बघत होता, जणू घरातल्याच माणसानं त्याला चारचौघांत उलट उत्तर दिलं होतं.

"संपलं," भाची म्हणाली. "हा पहारेकरी? यानंच भाजलं असतं. दादा, भिंत बुजवून टाका. मी देईन पाणी काढून, जन्मभर देईन."

"जन्मभर कुणाच्या?" मावशी म्हणाली. "तुझ्या की माझ्या?"

"मावशी, नको ना."

"तुला नळावर भरवसा नाही की माझ्यावर?"

"तुझ्या त्या हातावर नाही!" भाची म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "फोड आलेले मी पाहिलेत. मी दाखवले तेव्हा तू पाहिलेस. तुला कळलंसुद्धा नाही."

मावशीनं आपला उजवा हात पुढे करून पाहिला, अनोळखी माणसाचा असावा तसा. "खरंय तुझं," ती हळू आवाजात म्हणाली. "याच्यावर माझाही नाही. म्हणून तर नळ आणला, बाळा."

प्लंबर भिंतीतल्या खाचेत डोकं घालून बसला होता. तो बाहेर न बघताच पुटपुटला, "कुपी नवी आहे. जोडणी घट्ट आहे. गरम डावीकडे, गार उजवीकडे, सगळं जिथल्या तिथं..."

"गरम कुठं म्हणालात?" मावशीनं विचारलं.

"डावीकडे. सगळीकडे असतं तसं."

"आमच्या इथं गरम उजवीकडे आहे."

प्लंबरनं डोकं बाहेर काढलं. "काय?"

"उजवीकडे," भाचीही म्हणाली. तिचं रडं आश्चर्यानं थांबलं. "जुना नळ उजवीकडे फिरवला की गरम यायचं. पहिल्यापासून."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?" मावशी म्हणाली. "आणि आम्हाला काय ठाऊक की दुनियेचं उलटं असतं? आमच्या हातांना सवय झाली, डोक्यानं कधी दखलच घेतली नाही."

प्लंबरनं कपाळाला हात लावला. मग भिंतीवर टकटक केलं. "याच्या पलीकडे काय आहे?"

"शेजाऱ्यांचं न्हाणीघर."

मावशी एकदम हसायला लागली. इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. "अगं, कापड दुमडून कापलंय! दोन बाह्या एकदम कापायच्या तर कापडाची घडी घालतात. एक उजव्या हाताची निघते, दुसरी डाव्या. घर बांधणाऱ्यांनीही भिंतीला घडी घातली. एकाच भिंतीतून दोन्हीकडे नळ्या, म्हणून शेजाऱ्यांकडे गरम डावीकडे, तर आपल्याकडे उजवीकडे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली दोन्ही बाह्या एकाच हाताच्या करून बसायच्या. मिस्त्री, तुम्हीही तेच केलंत."

"केलं खरं," प्लंबर हसला. मग भाचीकडे वळून त्यानं नीट समजावलं. "ताई, मेणाला वाटलं डावीकडून गरम येतंय. पाणी तापलं तसं ते फुगलं आणि त्यानं डावी वाट बंद करत आणली. पण डावीकडून येत होतं गार. गार कमी झालं, म्हणून पाणी आणखी तापलं. मेण आणखी फुगलं. पहारेकरी जागाच होता, पण मी त्याला चुकीच्या दारावर उभा केला."

भाचीनं डोळे पुसले. तिला पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं.

भिंत उघडीच असल्यामुळे दुरुस्ती अवघड नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन प्लंबरनं खाच थोडी खोल केली आणि आत दोन्ही नळ्यांची फुली करून गरम डावीकडे, गार उजवीकडे घेतलं. पाणी सोडलं. आकडा चढत गेला, अडतीसपाशी आला आणि तिथंच राहिला. मग प्लंबर बाजूला झाला.

"खरी परीक्षा राहिलीय," तो भाचीला म्हणाला. "गार पाणी मध्येच गेलं तर काय होतं, ते बघायला हवं. पण मी नाही करणार. ही तोटी. तुमच्या हातानं बंद करा."

भाचीनं एक हात धारेखाली ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं गार पाण्याची तोटी फिरवायला सुरुवात केली. मावशीनं या वेळी चेष्टा केली नाही. भाचीनं डोळे मिटले आणि तोटी पूर्ण बंद केली.

धार बारीक झाली, तुटली, आणि दोन-चार थेंब टपकून थांबली. हाताला चटका बसला नाही.

तिनं तोटी उघडली. कोमट धार पुन्हा आली. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. प्लंबर खाली बसून हत्यारं पुसत राहिला. त्यानं एकदाही "झालं का" असं विचारलं नाही. कितीतरी वेळा करून झाल्यावर भाची मागे सरली. तिचा झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"भिंत बंद करा, दादा," ती म्हणाली.

फरश्या बसल्या, सिमेंट वाळलं. मग एका सकाळी मावशी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात शिरली आणि मागे वळून तिनं भाचीकडे पाहिलं. भाचीनं मान डोलावली. कडी सरकल्याचा आवाज आला.

भाची दाराबाहेर उभीच राहिली. पाणी पडायला लागलं. "ठीक आहेस ना?" हे तिच्या ओठांवर रोजच्यासारखं आलं, ते तिनं गिळलं. शेवटी राहवलं नाहीच. "पाणी कसं आहे?"

"उजवा हात काही सांगत नाही," आतून आवाज आला. "पण मान म्हणतेय छान, पाठ म्हणतेय छान. बहुमत झालंय. आता इथून जा. मी केस धुणार आहे, आणि मला घाई करायची नाही."

"बरं," भाची म्हणाली, आणि गेली.